नाटक पाहणाराही आरोपी : निशातगंजच्या रंगमंचामागचा इतिहास

लखनौ : गोमतीच्या उत्तर तीरावरील निशातगंज या गजबजलेल्या वस्तीत, पेपर मिल कॉलनीमध्ये अखिल भारतीय कैफी आझमी अकादमीची वास्तू उभी आहे. तिच्या सभागृहात काव्यवाचने होतात, चर्चासत्रे होतात आणि नाटकेही होतात. हातातल्या मोबाइलवर हवे ते नाटक हव्या त्या वेळी पाहता येत असताना, वाहतुकीची कोंडी पार करून ठरल्या वेळी येथे येऊन बसणाऱ्या प्रेक्षकाला नेमके काय मिळते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा भावनेच्या भाषेत दिले जाते. लखनौपुरते ते कायद्याच्या भाषेतही देता येते.

नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवण्यासाठी ब्रिटिश सरकारने 1876 मध्ये केलेल्या कायद्यात एक विलक्षण तरतूद होती. बंदी घातलेल्या नाटकाचा प्रयोग करणारे नट, त्यांना साहाय्य करणारे आणि जागा उपलब्ध करून देणारा मालक हे तर दोषी ठरतच. परंतु बंदी असल्याचे ठाऊक असूनही तो प्रयोग पाहण्यास उपस्थित राहणारा प्रेक्षकही तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासास किंवा दंडास पात्र होता. संपूर्ण प्रयोग पाहण्याचीही आवश्यकता नव्हती. त्याचा काही भाग पाहिला तरी गुन्हा पूर्ण होत असे. प्रेक्षक हा प्रयोगाचा घटक आहे, ही गोष्ट नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांइतकीच स्पष्टपणे त्या कायद्याच्या मसुदाकारांना उमगली होती, असे म्हणावे लागते.

या भीतीच्या मुळाशी असलेल्या घटनांपैकी एक लखनौत घडली. 1875 मध्ये कोलकात्याची ग्रेट नॅशनल थिएटर ही नाटक मंडळी उत्तर भारताच्या दौऱ्यावर होती. दीनबंधू मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे निळीच्या मळेवाल्यांचे अत्याचार दाखवणारे नाटक तिने लखनौत सादर केले. प्रेक्षकांत इंग्रजही होते. गोऱ्या मळेवाल्याच्या तावडीतून एका शेतकरी स्त्रीला सोडवताना तोराप हा रयत त्या साहेबाला खाली पाडून बडवतो, असा प्रवेश सुरू होताच प्रेक्षागृहात गोंधळ उडाला आणि काही गोरे तलवारी उपसून रंगमंचावर चढले. पुढे बंगाली रंगभूमीची श्रेष्ठ अभिनेत्री म्हणून नावारूपाला आलेली विनोदिनी दासी तेव्हा लहान वयाची होती आणि त्या प्रयोगात काम करत होती. घाबरून रडणाऱ्या नटींचे आणि घाईघाईने शहर सोडणाऱ्या मंडळीचे वर्णन तिने आपल्या आत्मचरित्रात केले आहे. कायद्याचे तात्कालिक निमित्त मात्र वेगळे होते; राजपुत्राच्या भारतभेटीवरून कोलकात्यात झालेल्या एका प्रहसनामुळे सरकारने आधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी त्याचे कायद्यात रूपांतर केले.

‘नीलदर्पण’ 1860 मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले होते. तोच मजकूर छापील पानावर वाचून कोणी तलवार उपसली नव्हती असे नाही म्हणता आले, तरी त्या वाचनाला साक्षीदार नव्हते. रंगमंचावरील मार मात्र शेकडो देशी प्रेक्षकांदेखत बसत होता, आणि त्याला दाद मिळत होती. फरक येथे आहे.

स्वातंत्र्यानंतरही तो कायदा कायम राहिला. महाराष्ट्रातील वाचकाला कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 मध्ये आलेली बंदी परिचित आहे, स्वतंत्र भारतात असाच प्रसंग पुन्हा लखनौतच उद्भवला. 1953 मध्ये भारतीय जननाट्य संघाच्या, म्हणजे ‘इप्टा’च्या लखनौ शाखेने प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेचे नाट्यरूप सादर केले. जत्रेत खेळणी न घेता आजीचे हात भाजू नयेत म्हणून चिमटा विकत घेणाऱ्या हामिदची ही कथा आहे. प्रयोगाला आधी दिलेली परवानगी प्रशासनाने मागे घेतली आणि बंदीचा आदेश बजावला. कलावंतांनी प्रयोग थांबवला नाही. खटला उभा राहिला. 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठातील न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी, या कायद्यातील कार्यपद्धती राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर अवाजवी निर्बंध घालते, असा निर्णय दिला. मुल्ला हे स्वतः नामवंत उर्दू कवी होते, हेही नोंदवण्याजोगे. कायद्याच्या पुस्तकातून मात्र त्याचे अधिकृत उच्चाटन व्हायला 2018 साल उजाडले.

निशातगंजची अकादमी ज्यांच्या नावे आहे ते कैफी आझमी याच ‘इप्टा’चे. संस्थेची स्थापना 1943 मध्ये मुंबईत झाली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक त्याच काळातले, त्याच चळवळीचे. कैफींनी पुढे ‘इप्टा’चे राष्ट्रीय अध्यक्षपद भूषविले; त्यांच्या पत्नी शौकत कैफी या ‘इप्टा’ आणि पृथ्वी थिएटर्सच्या रंगमंचावरील अभिनेत्री. मुंबईच्या कामगारवस्तीतून निघालेला धागा गोमतीकाठी पोहोचतो तो असा.

आता मूळ प्रश्नाकडे. चित्रपटगृहात प्रेक्षक हसला वा रडला, तरी पडद्यावरील काहीही बदलत नाही. नाटकात बदलते. हशा पिकला की नट पुढचे वाक्य क्षणभर रोखून धरतो. तो हशा ओसरू लागतो न लागतो तोच वाक्य टाकण्याचे भान हे अनुभवी नटाचे कसब मानले जाते. प्रेक्षागृह निश्चल झाले की विराम लांबवता येतो. खोकल्यांची साथ पसरू लागली, तर प्रयोगाची लय सैल पडली आहे हे नटाला कळते. म्हणूनच त्याच संहितेचा, त्याच नटसंचाचा शनिवारचा प्रयोग रविवारसारखा होत नाही, आणि दोन्ही पाहिलेली माणसे त्यावर वाद घालतात. तो वाद घालणे हाही नाटक पाहण्याच्या आनंदाचाच भाग.

मराठी प्रेक्षकाने हा हक्क उघडपणे बजावला आहे. संगीत नाटकातील ‘वन्स मोअर’ म्हणजे कथानकाला थांबवून प्रयोगाची दिशा ठरवण्याचा अधिकारच होता. त्याचा अतिरेक झाला आणि नाटके पहाटेपर्यंत लांबली, ही तक्रारही तितकीच खरी. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे निधन झाले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही, चित्रीकरण नाही. तिची कीर्ती शंभर वर्षे टिकली ती प्रेक्षागृहात बसलेल्यांनी सांगितलेल्या आठवणींवर.

निशातगंजपासून जवळच, गोमतीनगरमध्ये उत्तर प्रदेश संगीत नाटक अकादमीचे मोठे नाट्यगृह आहे. महाराष्ट्रातून जाणारा प्रवासी त्याच्या नावाशी थबकतो : संत गाडगेजी महाराज प्रेक्षागृह. गाडगेबाबांचा जन्म नाट्यनियंत्रण कायद्याच्या वर्षी, 1876 मध्ये झाला आणि निधन लखनौच्या निकालाच्या वर्षी, 1956 च्या डिसेंबरात. हा निव्वळ योगायोग. परंतु नाट्यगृहाला त्यांचे नाव शोभते, ते अन्य कारणाने. बाबा कीर्तनात एकटेच बोलत नसत. समोरच्या शेतकऱ्याला, मजुराला ते प्रश्न विचारत, कर्जाविषयी, नवसाला कापलेल्या बकऱ्याविषयी, मुलांच्या शाळेविषयी, आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घेत.