न दिसणाऱ्या तळाचा ठाव

पाचूबंदरच्या किनाऱ्यावर उभं राहून वसईच्या खाडीतून बाहेर पडणारी बोट पाहावी. वरून पाणी सगळीकडे सारखंच. खाली वाळू कुठे चढली आहे, ते तांडेलाला ठाऊक. यंत्रं नव्हती तेव्हा दोरीला शिसं बांधून पाण्यात सोडायचं आणि तळाचा ठाव घ्यायचा. संगणकाच्या जगात मूठभर माणसं जवळपास वीस वर्षं हेच करत आली आहेत.

ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. चिपमधल्या कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला की पडद्यावर काय उमटतं, ही माहिती कंपनीकडे असते. ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने ती खुली केली नव्हती. म्हणून ‘नूवो’ हा मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी कंपनीच्याच ड्रायव्हरवर नजर ठेवली. त्याच्याकडून एक त्रिकोण काढून घ्यायचा, आकडे टिपायचे. मग फक्त रंग बदलून तोच त्रिकोण पुन्हा काढायचा. जो आकडा बदलला, तो रंगाचा! या चिपांची ग्राफिक्स कार्डं शेकडो, माणसं थोडी. तेव्हा ठिकठिकाणच्या वापरकर्त्यांनी आपापल्या कार्डांच्या नोंदी पाठवल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या २.६.३३ आवृत्तीतून नूवो सर्वांपर्यंत पोहोचला.

पुढे वाट अडली. २०१४ च्या अखेरीपासून आलेली कार्डं कंपनीची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मागू लागली. त्यावाचून चिपचा वेग वाढवता येईना. महागडं कार्ड सुरुवातीच्या मंद गतीवरच अडकून पडे. सप्टेंबर २०२३ मध्ये नूवोचा भार वर्षानुवर्षं वाहणारे बेन स्केग्ज जबाबदारीतून बाजूला झाले. कोड सर्वांसमोर राहतो; पण एखादी ओळ तशीच का लिहिली, हे बरेचदा लिहिणाऱ्याच्याच डोक्यात असतं. माणसं कमी असण्याचा खरा धोका हा आहे.

यावरचा उपाय म्हणजे ओझं वाटून घेणं. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या ‘मेसा’ या मुक्त ग्राफिक्स प्रकल्पात अनेक चिपांचे ड्रायव्हर समाईक कोड वापरतात, एकाने काढलेली चूक सगळ्यांच्या कामी येते. जानेवारी २०२४ च्या लिनक्स ६.७ पासून नव्या कार्डांवर वेग सांभाळण्यासारखी कामं चिपमधल्याच एका प्रोसेसरवर सोपवण्याची सोयही नूवोत आली.

तरीही हात कमीच पडतात. वसई-विरारमध्ये संगणक शिकणाऱ्या मुलांनी घरातल्या जुन्या कार्डावर नवा ड्रायव्हर चालवून पाहावा आणि काय बिघडलं ते नेमकं लिहून कळवावं. नूवोला पहिला तळ असाच, दूरवरून आलेल्या नोंदींमुळे लागला होता.