‘पण बाप म्हणून तो चांगला आहे’

घरातल्या मारहाणीची गोष्ट निघाली आणि त्या घरात लेकरू असलं, की हे वाक्य ठरलेलं. नणंद म्हणते, समजूत घालायला बसलेले वडीलधारे म्हणतात, ठाण्यात तक्रार लिहून घेणारा हवालदार म्हणतो. मार खाऊन माहेरी आलेली बाईसुद्धा कधी कधी म्हणते. ‘‘बायकोवर हात उचलतो ते चूकच, पण पोरावर जीव टाकतो. बाप म्हणून चांगला आहे.’’ पाठोपाठ दुसरं वाक्य येतं, ‘‘मग स्वतःच्या पोराला भेटायला मध्ये तिसरं माणूस कशाला? बाप आहे तो, चोर नाही.’’

न्यायालयाने ‘देखरेखीखाली भेट’ असा आदेश दिला, की नातेवाईक, शेजारी आणि काही वकीलही हेच बोलतात. ऐकायला ते पटतंही, आणि म्हणूनच त्याने जास्त नुकसान होतं. तेव्हा आधी तेच तपासू.

व्यवस्था नेमकी काय?

आई-वडील वेगळे झाले, मूल एकाकडे आहे आणि दुसऱ्याला ते ठरलेल्या दिवशी भेटतं. कोर्टाच्या आवारात याला ‘ॲक्सेस’ म्हणतात. बहुतेक घटस्फोटांत या भेटीवर कुणाची नजर लागत नाही, लागूही नये. पण जिथे मारहाण, धमक्या, पाठलाग झालेला आहे, तिथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भेट चालू असताना मूल सुरक्षित राहिलं पाहिजे, आणि मुलाला सोडताना-नेताना आई-वडील समोरासमोर येता कामा नयेत. पहिल्यासाठी देखरेखीखालची भेट असते, दुसऱ्यासाठी तिसऱ्या माणसाच्या हस्ते मुलाची ने-आण.

गैरसमज : बायकोला मारणारा माणूस बाप म्हणून चांगला असू शकतो.

वस्तुस्थिती : ज्या घरात आईला मार बसतो, त्या घरातल्या मुलाला तो मार लागलेला असतो, अंगावर वळ असोत वा नसोत.

‘मूल तर तेव्हा झोपलेलं होतं’, असं सांगतात. मूल झोपलेलं नसतं. ते डोळे मिटून पडलेलं असतं. दाराचा आवाज, पावलांचा वेग, ताट आपटल्याचा आवाज त्याला ओळखता येतो. आज बाबा कसे आले आहेत, हे घरात सगळ्यांत आधी त्यालाच कळतं. भीती ओळखायला शिकलेलं ते मूल असतं.

अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणीच्या आघातांचा मोठा अभ्यास केला. १९९८ साली त्याचे पहिले निष्कर्ष आले आणि पुढे त्यात १७ हजारांहून अधिक लोकांची माहिती जमली. मुलाचा छळ, उपेक्षा यांच्याबरोबरच ‘आईला मारहाण होणं’ हा मुलावरचा स्वतंत्र आघात म्हणून त्यांनी मोजला. असे आघात जितके जास्त, तितका मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यात दिसलं. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या घरगुती अत्याचारविषयक कायद्याने तर स्पष्ट म्हटलं, की असा अत्याचार पाहणारं, ऐकणारं किंवा त्याचे परिणाम सोसणारं मूल स्वतःच पीडित आहे. त्या कायद्यात मुलाला नुसता साक्षीदार समजलेलं नाही.

आता ‘पोरावर तो कधीच हात उचलत नाही’ या दाव्याकडे पाहू. जेफ्री एडल्सन या संशोधकाने १९९९ मध्ये तोवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. जिथे बायकोला मारहाण होते किंवा मुलाचा छळ होतो, अशा कुटुंबांपैकी साधारण ३० ते ६० टक्के कुटुंबांत दोन्ही गोष्टी एकत्र आढळत होत्या. म्हणजे प्रत्येक मारकुटा नवरा मुलाला मारतोच असं नाही. पण तो मारणार नाही, हे गृहीत धरून लेकराला एकट्याला त्याच्या हवाली करण्याइतका भरवसा या आकड्यांतून मिळत नाही.

आणि मुळात चांगला बाप म्हणजे काय? खेळणी आणणं, खांद्यावर बसवून जत्रेत फिरवणं, वाढदिवसाला मोठा केक आणणं, हे प्रेम खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण लहान मुलाचं जग आईच्या अंगाखांद्यावर उभं असतं. त्या माणसाला भीतीत ठेवून मुलाला आनंदात ठेवता येत नाही. मुलाच्या आईशी तो कसा वागतो, ही बापपणाची पहिली परीक्षा आहे. तिथे नापास झालेल्याला ‘बाकी विषयांत चांगला आहे’ म्हणून पुढे ढकलू नका. हे वाक्य आता आपल्या तोंडून बंद झालं पाहिजे.

याच गैरसमजाचा जोडभाऊ : ‘आता वेगळे झालेत ना, मग भीती कसली?’

मारहाण हा रागाचा झटका असता, तर वेगळं झाल्यावर ती थांबली असती. पण बहुतेकदा तिच्या मुळाशी दुसऱ्याला मुठीत ठेवण्याची सवय असते. बाई घराबाहेर पडते तेव्हा ती मूठ सुटते, आणि पुन्हा आवळायला उरतो एकच धागा, तो म्हणजे मूल. फोन बंद करता येतो, घर बदलता येतं, नोकरीची जागा बदलता येते. पण आदेश असेल तर दर शनिवारी अमुक वाजता, अमुक ठिकाणी तिला यावंच लागतं. तिचा ठावठिकाणा कायदेशीरपणे कळण्याची ती एकमेव वेळ असते.

तेव्हा फाटकाशी मूल सोडतानाच शिवीगाळ होते. सहाला परत आणायचं मूल नऊला येतं, त्या तीन तासांत आईचा जीव टांगणीला. मुलाला विचारलं जातं, ‘‘आई कुठे राहते? घरी कोण येतं? तिच्या मोबाइलचं कुलूप काय आहे?’’ भेट म्हणून दिलेल्या नव्या फोनमधून घराचा पत्ता कळतो. आईचा निरोप्या, बाबांचा हेर आणि दोघांचा समेट घडवणारा, ही तिन्ही कामं सात वर्षांच्या पोराच्या गळ्यात पडतात. यातल्या एकाही गोष्टीने अंगावर वळ उठत नाहीत.

याची टोकं किती भयंकर असतात, तेही सांगायला हवं. ‘विमेन्स एड’ या ब्रिटिश संस्थेने २०१६ मध्ये एक अहवाल काढला. २०१५ पर्यंतच्या दहा वर्षांत १२ कुटुंबांतली १९ मुलं त्यांच्या वडिलांकडून मारली गेली होती. त्या वडिलांचा घरगुती अत्याचाराचा इतिहास होता, आणि या हत्या मुलांच्या भेटीशी निगडित होत्या. त्यांतल्या काहींच्या भेटी न्यायालयातच ठरलेल्या. न्यूझीलंडमध्ये १९९४ साली एका वडिलांनी आपल्या तीन मुलींचा जीव घेतला, तेव्हा तिथला कायदाच बदलला. पालकाने हिंसा केल्याचं दिसलं, तर मूल सुरक्षित राहील अशी न्यायालयाची खात्री होईपर्यंत त्याला ताबा नाही आणि देखरेखीविना भेटही नाही, असा नियम १९९५ मध्ये आला. अशा घटना विरळ असतात, पण त्यांच्या आधी कुणीतरी ‘तो पोरांना काही करणार नाही’ असं म्हटलेलं असतं.

आपला कायदा काय म्हणतो?

‘हे सगळं परदेशी खूळ आहे’, असं कुणी म्हटलं तर त्याला आपलाच कायदा उघडून दाखवा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याचं कलम २१ सांगतं, की अर्जाच्या सुनावणीच्या कोणत्याही टप्प्यावर दंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देऊ शकतात आणि गरज असेल तर प्रतिवादीच्या भेटीची व्यवस्था ठरवू शकतात. त्याच कलमात पुढे आहे, की अशी भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असं दंडाधिकाऱ्यांचं मत झालं, तर त्यांनी ती नाकारावीच. कलम १८ खाली मुलाच्या शाळेत जाण्यावर आणि पीडितेशी फोनसह कुठल्याही मार्गाने संपर्क साधण्यावरही बंदी घालता येते. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

याला उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा एक निकाल दाखवला जातो. आई आणि वडील दोघांचं प्रेम मिळणं हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे आणि अगदी टोकाच्या परिस्थितीतच, कारणं देऊन, एखाद्या पालकाची भेट नाकारावी, असं त्यात म्हटलं आहे. बरोबर आहे. पण तो हक्क मुलाचा आहे आणि मुलाचं हित सर्वांत वर, हे सूत्र त्याच निकालात कायम आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही हेच आहे. दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क, मात्र तो मुलाच्या हिताविरुद्ध जात नसेल तर. भेट पूर्ण तोडणं आणि मूल एकट्याला हवाली करणं, यांच्यामधली वाट म्हणजे देखरेखीखालची भेट. तिला विरोध करणारे लोक बापाचा उरलेला रस्ताच बंद करत असतात, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

चांगली भेट कशी असते?

दोन पालकांच्या येण्या-जाण्याच्या वेळा वेगळ्या. मूल आणणारी आई आधी येते, मुलाला समुपदेशकाकडे सोपवून निघून जाते, मग वडील येतात. जाताना उलट क्रम. दरवाजे वेगळे असले तर उत्तम. खोलीत खेळणी, रंग, पुस्तकं. देखरेख करणारी व्यक्ती इतक्या अंतरावर, की तिला दिसतंही आणि ऐकूही येतं. आईचा पत्ता विचारायचा नाही, खटल्याबद्दल बोलायचं नाही, कानात कुजबुजायचं नाही, परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत, भेटवस्तू आधी दाखवायची. मूल घाबरलं तर भेट तिथेच थांबते. झालेल्या भेटीची नोंद राहते.

ही नोंद बापाच्या विरोधात असते, असं समजू नका. जो खरोखर बदलला आहे, वेळेवर येतो, मुलाशी नीट खेळतो, ‘आई वाईट आहे’ असं एकदाही म्हणत नाही, त्याच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही. अशा नोंदींच्या आधारे देखरेख सैल करता येते. उद्या मुलाला धोका आईकडून असल्याचं दिसलं, तर तिच्या भेटीलाही न्यायालय हाच नियम लावू शकतं. व्यवस्था मुलासाठी आहे.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशक दिले, मोठ्या शहरांतल्या न्यायालयांत मुलांच्या भेटीसाठी जागा झाल्या. पण लहान गावांत भेट ठरते ती कोर्टाच्या व्हरांड्यात, बागेत, देवळात, नाहीतर थेट पोलीस ठाण्यात. ज्या लेकराने घरात पोलीस आलेले पाहिले, त्याला बाबांना भेटायला पुन्हा ठाण्यात नेणं याला व्यवस्था म्हणवत नाही.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात

‘देखरेख आजी किंवा काका करतील.’ मारहाणीच्या वेळी जे गप्प बसले, त्यांना मुलाच्या बाजूने उभं राहणं जड जातं. देखरेख करणारा तटस्थ हवा.

‘पोटगी देत नाही म्हणून भेट बंद’, ‘भेट मिळत नाही म्हणून पोटगी बंद.’ दोन्ही चूक. पोटगी आणि भेट हे वेगळे आदेश आहेत, एकाची वसुली दुसऱ्याने होत नाही.

‘पाच वर्षांखालचं मूल आईकडेच.’ १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा ‘सामान्यतः’ असा शब्द वापरतो. अंतिम कसोटी मुलाच्या हिताचीच.

‘मूल अमुक वयाचं झालं, की त्याचं म्हणणं अंतिम.’ असं कुठलंही वय कायद्यात नाही. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समजूतदार मुलाचं मत न्यायालय विचारात घेऊ शकतं, निर्णय मात्र न्यायालयाचा.

‘भीती वाटते म्हणून आईने मूल पाठवलंच नाही तरी चालतं.’ आदेश परस्पर मोडू नका, ते तुमच्यावरच उलटतं. परिस्थिती बदलली तर आदेशात बदल मागता येतो. २००५ च्या कायद्यात त्यासाठी कलम २५ आहे.

‘वकिलाला पैसे नाहीत, मग काय करणार?’ १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोन क्रमांक १५१००. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीच्या वेळी ११२.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १८ ते ४९ वयोगटातल्या, लग्न झालेल्या २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. यांतल्या कितीतरी घरांत मुलं आहेत. म्हणून दोन मागण्या. सरकारकडे आणि न्यायालयांकडे मागणी अशी, की प्रत्येक जिल्ह्यात मुलांच्या भेटीसाठी एक स्वच्छ खोली, दोन दरवाजे आणि एक प्रशिक्षित माणूस द्या. तुमच्या-माझ्याकडे मागणी त्याहून सोपी आहे. पुढच्या वेळी कुणी ‘बाप म्हणून तो चांगला आहे’ म्हणालं, तर मान डोलवू नका. विचारा, ‘त्या घरात रात्री दार वाजलं, की मूल कुठे लपतं?’