ग्राह्य आणि त्याज्य : रुग्णनोंदींच्या संग्रहातील विवेक

चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे महत्त्व विस्ताराने आले आहे. अभ्यासमंडळांतून संकलित होणारे रुग्णनोंदींचे संग्रह हे या संभाषेचेच लिखित रूप होय. मात्र चर्चेत ‘येथे चुकले’ असे सांगणारा ज्येष्ठ वैद्य समोर असतो. कागद आपण होऊन तसे सांगत नाही. म्हणून संग्रहातील उदाहरणांची ग्राह्य व त्याज्य अशी विभागणी करणे आपणा सर्वांचे कर्तव्य ठरते.

ही विभागणी केवळ फलितावरून करू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. त्रिभुवनकीर्तीचे उदाहरण घेऊ. तिच्यातील हिंगुळ व वत्सनाभ ही दोन्ही द्रव्ये औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मधील अनुसूची ई-१ मध्ये समाविष्ट आहेत. समजा, ‘ज्वर, त्रिभुवनकीर्ती, दिवसातून तीन वेळा, उपशय’ एवढीच नोंद आहे. ज्वर उतरला, तरी ती नोंद त्याज्यच. वय, मात्रा, अनुपान, नाडीची गती, औषध थांबविल्याचा दिवस यांपैकी काहीही तीत नाही. तिच्या आधारे कोणी हृद्रोगी वृद्धास औषध दिले, तर अनर्थ ओढवेल.

उलट, जिभेस बधिरता व छातीत धडधड जाणवताच औषध थांबविले, रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठविले आणि औषधदक्षता केंद्रास कळविले, अशी तपशीलवार नोंद उपशय नसतानाही ग्राह्य होय.

औषधालयांनाही हाच न्याय लागू आहे. अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. गोळ्या सुट्या करून कोऱ्या पुडीत दिल्या, की ती सूचना डबीवरच राहते. पुडीवर औषधाचे नाव, मात्रा, अनुपान, बॅच क्रमांक व ती सूचना लिहिणे, हे ग्राह्य उदाहरण.

संग्राहकांनी तीन पथ्ये पाळावीत. त्याज्य नोंदींचा विभाग स्वतंत्र असावा. ‘त्याज्य’ हा शब्द मुखपृष्ठावर न थांबता प्रत्येक पानावर यावा, कारण झेरॉक्स बहुधा एकाच पानाची निघते. प्रत्येक त्याज्य नोंदीखाली दोषाचे कारण व दुरुस्त नोंद द्यावी. रुग्णाचे व वैद्याचे नाव मात्र गाळावे. दोष दाखविण्याचा हेतू शिक्षण हा आहे, निंदा नव्हे. हा विश्वास असेल तरच वैद्य आपल्या फसलेल्या चिकित्सेची नोंद संग्रहासाठी मोकळेपणाने देतील.