बाळाला घेऊन समुद्रावर जाताना

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक सासू आणि सून आल्या. सुनेच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा. आजार काहीच नव्हता. सून म्हणाली, "डॉक्टर, याला घेऊन दोन-तीन दिवस कोकणात जाऊन यावं म्हणतोय. नेऊ का?" तिला पुढे बोलू न देता सासूबाई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा हिला. खारं वारं लागलं की एवढंसं पोर आजारी पडायचं."

मी म्हणालो, "आजी, वाऱ्यानं कोणी आजारी पडत नाही. खुशाल जाऊ द्या. मात्र सहल पोराच्या वेळापत्रकानं करा, मोठ्यांच्या नको."

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. 1998 च्या मे महिन्यात आम्ही दोघे आमच्या दीड वर्षाच्या लेकीला घेऊन कोकणात गेलो होतो. दवाखाना तीन दिवस बंद ठेवला होता, तेव्हा त्या तीन दिवसांचे पुरेपूर चीज करायचे असा माझा हट्ट. रत्नागिरी, पावस, गणपतीपुळे, हेदवी, गुहागर, सगळे एस.टी.ने. भर दुपारी प्रवास, मिळेल तिथे जेवण, मिळेल ते पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. गावातल्या निम्म्या घरांत ओआरएसची पाकिटे वाटणारा मी, माझ्याच पिशवीत एक पाकीट नव्हते. चिपळूणला पोहोचेपर्यंत तिचे डोळे खोल गेले होते आणि रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हते. तिथल्या एका डॉक्टरांनी सलाइन लावले, म्हणून ती वाचली. त्या रात्री सौ. माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. तिचे बरोबरच होते.

तीच मुलगी 2025 च्या जानेवारीत आपल्या वीस महिन्यांच्या मुलीला घेऊन माहेरी आली आणि म्हणाली, "बाबा, समुद्रावर जाऊया." या वेळी मात्र मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या कागदावरचे मुद्दे आज वाचकांपुढे ठेवतो.

एकच गाव, दोन मुक्काम

एक ते तीन वर्षांच्या मुलाला स्थळदर्शनात काडीचा रस नसतो. त्याला वाळू, पाणी, बादली आणि आई-बाप पुरतात. रोज नवी खोली, नवे अंथरूण आणि नवे ताट मिळाले की ते बिथरते, रात्री झोपत नाही आणि मग कोणालाच झोपू देत नाही. म्हणून एकच गाव निवडावे आणि दोन रात्री तिथेच राहावे. आम्ही गुहागर निवडले. व्याडेश्वराच्या देवळामागे चालत गेले की लांबलचक किनारा लागतो, मागे सुरूच्या झाडांची सावली आहे. घरगुती राहण्याची सोय असेल तर उत्तम, कारण तिथे बाळासाठी मऊ भात करून मागता येतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मे महिन्यात उन्हाने हैराण व्हायला होते आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत लहान मुलाला पाण्याजवळही नेऊ नये.

घाट उतरताना

कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि पुढे गुहागर हा साधारण दीडशे किलोमीटरचा रस्ता. मोठी माणसे तो एका दमात उरकतात. बाळ बरोबर असेल तर दर दीड-दोन तासांनी थांबावे. कोयनानगरला अर्धा तास थांबून त्याला जमिनीवर मोकळे सोडावे. घाट लागण्याआधी पोटभर दूध पाजू नये. थोडे खाणे देऊन तासभर जाऊ द्यावा. गाडी लागू नये म्हणून मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मुलाला देण्याची पद्धत आहे, ती घातक आहे. यातली काही औषधे दोन वर्षांखालील मुलांचा श्वास मंदावू शकतात.

पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ, हे दृश्य रोज दिसते. जोरात ब्रेक लागला तर कितीही घट्ट धरलेले मूल हातातून सुटते. बाळाला मागच्या सीटवर, शक्य असल्यास मुलांच्या खास आसनात पट्टा लावून बसवावे. रात्रीचा प्रवास टाळावा.

किनाऱ्यावर केव्हा जावे?

सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधल्या वेळात बाळाने जेवावे आणि झोपावे, मोठ्यांनीही झोपावे. समुद्राच्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, पण कातडी भाजतेच. पूर्ण बाह्यांचा पातळ सुती सदरा आणि कडा असलेली टोपी हा सर्वांत सोपा उपाय. सहा महिन्यांवरील मुलांना सनस्क्रीन मलम उघड्या भागावर लावता येते. पाण्यातून बाहेर आल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत. लंगोटात वाळू राहिली तर जांघा सोलवटतात, म्हणून साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे.

भरती-ओहोटी समजून घ्यावी. कोकणातला जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. हा अंदाज आहे, नेमकी वेळ आणि धोक्याची जागा गावातल्या मच्छीमारांना विचारावी. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी पाण्यात उतरू नका असे फलक लावलेले आहेत. ते शोभेसाठी नाहीत.

चार मोठी माणसे आणि एक लाट

आता जे सांगतो ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. आम्ही गेलो त्या दिवशी पंचमी होती. साडेपाचला ओहोटी लागलेली, पाणी शांत. नात ओल्या वाळूत बादली घेऊन बसली होती. जावई फोटो काढत होते, लेक टॉवेल झटकत होती, सौ. पिशवीतून खाऊ काढत होती आणि मी शेजारच्या गृहस्थांशी गप्पा मारत होतो. चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होते की बाकीच्या तिघांपैकी कोणीतरी बघते आहे.

मी वळून पाहिले तर बादली जागेवर आणि नात दहा-बारा पावलांवर पाण्यात. घोट्याएवढे पाणी. परतणाऱ्या लाटेने तिचे पाय ओढले आणि ती तोंडावर पडली. रडणे नाही, हाक नाही, हातपाय मारणेही नाही. मी धावलो आणि तिला उचलले. ती खोकली, मग मोठ्याने रडली. ते रडणे ऐकून माझे पाय लटपटले. रात्रभर आम्ही आळीपाळीने तिचा श्वास पाहत बसलो. सुदैवाने काही झाले नाही.

वाचकहो, सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो. लहान मूल तसे बुडत नाही. त्याचे डोके अंगाच्या मानाने जड असते; पालथे पडले की त्याला मान वर काढता येत नाही आणि तोंड पाण्यात असल्यावर ओरडणार कसे? वीतभर पाण्यातही मूल दगावू शकते आणि त्याला काही मिनिटे पुरतात. किनारा असो, मुक्कामाच्या ठिकाणचा हौद असो की न्हाणीघरातली बादली, नियम एकच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाळी लावली. पंधरा मिनिटे एकाने फक्त बाळाकडे बघायचे, हाताच्या अंतरावर राहून. मोबाइल खिशात. पाळी बदलताना "आता माझी पाळी" असे मोठ्याने म्हणायचे आणि ते ऐकल्याशिवाय आधीच्याने नजर हटवायची नाही. बाकीच्यांनी मग खुशाल गप्पा माराव्यात. खरे सांगतो, त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच जास्त विश्रांती मिळाली.

मूल पाण्यात सापडलेच तर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबू नये. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू नसेल तर त्याला पाठीवर झोपवून, नाक दाबून, तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा, मग छातीच्या मध्यभागी तळहाताने तीस वेळा दाब, पुन्हा दोन श्वास, असे चालू ठेवावे आणि दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हे वाचून येत नाही, एकदा प्रत्यक्ष शिकून घ्यावे. नाकातोंडात पाणी गेलेले मूल शुद्धीवर असले, पण खोकत किंवा धापा टाकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

खाणे-पिणे

प्यायचे पाणी खळखळून एक मिनिट उकळलेले असावे. मऊ भात, मेतकूट, मुगाच्या डाळीची खिचडी, केळे, उकडलेला बटाटा ही बाळाची सहल. कोळंबी किंवा तिसऱ्या आयुष्यात प्रथमच खाऊ घालायला परगाव ही जागा नव्हे; अंगावर पित्त उठले तर धावपळ होते. अख्खे काजू, शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांखालील मुलाला देऊच नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. बर्फाचा गोळा मोठ्यांनीही आडोशाला जाऊन खावा.

जुलाब लागलेच तर ओआरएस. एका लिटरचे पाकीट असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळावे, अर्धे अर्धे करू नये. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिलिलिटर, त्याहून मोठ्या मुलाला 100 ते 200. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तशा नावांना मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्यावे.

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त पडले, तर सहल तिथेच संपवून दवाखाना गाठावा.

विंचवाचेही लक्षात असू द्या

जांभ्या दगडाच्या भिंती आणि लाकडाचे ढीग यांत लाल विंचू असतात. बाळाचे बूट आणि अंथरूण झटकून घ्यावे. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलटी, हातपाय गार असे झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध या विषावर वापरून दाखवल्यापासून असंख्य मुले वाचली आहेत. पण औषध वेळेवर मिळायला हवे. म्हणून मुक्कामी पोहोचताच जवळचे सरकारी रुग्णालय कुठे आहे, हे घरमालकांना विचारून ठेवावे.

पिशवीत काय असावे?

ओआरएसची चार पाकिटे, थर्मामीटर, तापाचे पॅरासिटामॉल (मात्रा बाळाच्या वजनाप्रमाणे आपल्या डॉक्टरांकडून लिहून आणावी), नेहमी चालू असलेली औषधे, उकळलेले पाणी, वाटी-चमचा, टोपी, जादा कपडे आणि त्याची झोपायची नेहमीची गोधडी. ती गोधडी विसरलात तर रात्री माझी आठवण काढाल.

त्या सासू-सुनेला मी यातले मुख्य मुद्दे कागदावर लिहून दिले आणि पाळीची गोष्टही सांगितली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग उठता उठता म्हणाल्या, "दोघांत पाळ्या कशा पुरायच्या? मीही जाते. एक पाळी माझी धरा."

सून हसली. मीही फी घेतली नाही.