घमेल्यातला दगड

कालवलेल्या पावडरीत बोट घातलं आणि दचकलोच. घमेलं कोमट! पाणी नळाचं, पावडर गोणीतली, आसपास शेगडीही नाही. घरातल्या जिप्सम बोर्डच्या पार्टिशनचे जॉइंट भरायला मी बसलो होतो. दुकानदार म्हणाला होता, "पावडर घ्या नाहीतर बादलीतलं तयार घ्या, सगळं एकच."

एकच नाही. बादलीतलं वाळतं, पावडरीतलं सेट होतं. शाडूची मूर्ती आणि पीओपीची मूर्ती यांत जो फरक, तोच इथे. शाडू वाळतो, म्हणून पाण्यात पुन्हा चिखल होतो. पीओपी तळाशी तसंच पडून राहतं, कारण ते वाळलेलं नसतं, त्याचा दगड झालेला असतो.

जिप्सम हा मुळात दगडच. कोरडा दिसतो, पण त्याच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणी असतं, स्फटिकांत बांधलेलं. साधारण १५० अंशांवर भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडून जातं आणि भुकटी उरते, तेच पीओपी, आणि माझ्या गोणीतही मुख्यतः तेच. पाणी परत दिलं की भुकटी ते अधाशासारखं बांधून घेते, सुयांसारखे स्फटिक एकमेकांत घुसतात आणि भट्टीत खाल्लेल्या उष्णतेचा काही भाग घमेल्यात परत येतो. पाणी जाण्या-येण्याचं हे कोडं १७६५ साली लाव्हाझिए या २१ वर्षांच्या पोराने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे उलगडून दाखवलं. पुढे आधुनिक रसायनशास्त्राचा जनक म्हणून गाजलेल्या माणसाची सुरुवात अशी प्लास्टरपासून झाली!

बादलीत मुख्यतः चुनखडीची पूड, डिंकासारखा चिकट पदार्थ आणि पाणी. पाणी उडालं की माल आकसतो. रुंद फटीत जाड भरलात तर भेग ठरलेली, आणि पावसाळ्यात एकेक हात वाळायची वाट बघत बसा. सेट होणारा माल जवळजवळ आकसत नाही. म्हणून फटी आणि टेपखालचा पहिला हात त्याचाच. जाळीची टेप असेल तर नक्कीच. गोणीवर सेटिंगची मिनिटं छापलीत का, तेवढं बघा, कारण काही पावडरीही नुसत्या वाळणाऱ्या असतात. वरचे पातळ हात मात्र बादलीतले. पॉलिश पेपरखाली ते लोण्यासारखे घासले जातात. सेट झालेला माल घासताना खांदा निखळतो. भिंतीची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी या कामाला नकोच, ती या जॉइंटसाठी बनवलेलीच नाही.

माझी दुसरी खेप पत्रीवर घेईपर्यंतच दगड झाली. पावडर तीच, पाणी तेवढंच. पण घमेलं मी धुतलं नव्हतं. काठाला चिकटलेले जुने स्फटिक विरजणासारखे वागले: नव्या सुया त्यांच्यावरच वाढत गेल्या आणि हातात पत्री धरून मी बघत राहिलो.