ख्रिस्ती जीवनातील आत्मसंतुष्टता व पश्चात्ताप : पंडिता रमाबाईंच्या संदर्भात

नव्या करारातील 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळीला 'कोमट' म्हटले आहे. या मंडळीने श्रद्धा सोडलेली नव्हती. आपल्याला कशाचीच उणीव नाही, अशी तिची समजूत होती. आत्मसंतुष्टता ही अशी श्रद्धावंतांमध्येच वाढते, आणि बाह्याचार यथासांग चालू असल्याने ती सहसा ओळखू येत नाही.

पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केले. सेवाकार्यात कोठेही उणेपणा नव्हता. तथापि १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या हाती केवळ धर्म आला असून प्रत्यक्ष ख्रिस्त अद्याप दूरच आहे, याची जाणीव त्यांना झाली. संस्कृत शास्त्रांत पारंगत, देशोदेशी गौरविलेल्या विदुषीची ही कबुली सामान्य नव्हे. विद्वत्ता आणि लोकसेवा या दोन्ही गोष्टी पश्चात्तापाची जागा घेऊ शकत नाहीत, हे तीतून दिसते.

येथे शब्दाचाही विचार करावयास हवा. 'पश्चात्ताप' म्हटले की मराठी मनाला मागाहून होणारी हळहळ आठवते. मूळ ग्रीक 'मेटानोइआ' या शब्दाचा रोख मात्र मनाच्या पालटाकडे आहे. केवळ अश्रू ढाळून मोकळे होणे ही तर आत्मसंतुष्टतेचीच निराळी तऱ्हा होय! १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात प्रार्थनेच्या वेळी अनेक मुलींनी रडत पापे कबूल केली. त्यानंतर त्यांच्यापैकी कित्येकजणी प्रार्थनेसाठी व सुवार्तेसाठी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या.