पाय घसरला फुकेतमध्ये, दाद पुण्यात

परदेशातल्या हॉटेलच्या तरणतलावात, बाल्कनीत किंवा ओल्या जिन्यावर भारतीय पर्यटकाला अपघात झाल्याच्या बातम्या सुट्टीच्या हंगामात येतच असतात. जखमीला मायदेशी आणले की बातमी संपते. भरपाईचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. घटना परदेशात घडली म्हणजे तिथल्याच कोर्टात जावे लागणार आणि ते कोणाला परवडणार, असे जवळपास सगळ्यांनी धरूनच चाललेले असते. हे अर्धेच खरे आहे. हॉटेलवर दावा लावायचा तर तो बहुधा तिथेच आणि तिथल्याच कायद्याने लढवावा लागतो. थायलंडमध्ये अशा दाव्याची मुदत साधारणपणे एक वर्षाची आहे. मोडलेले हाड जुळून माणूस उभा राहीपर्यंत ती संपतही येते. पण सहल विकणारी कंपनी इथली असते, पावती इथे फाडलेली असते. जखमी प्रवाशाचा हक्क आधी या विक्रेत्याकडे शोधायला हवा, आणि कायद्याने तो नि:संदिग्ध शब्दांत लिहून द्यायला हवा.

परक्या देशात थेट हॉटेलशी भांडणे म्हणजे काय, याचा सर्वांत कठोर दाखला आपल्याच राजधानीतला आहे. १९७२ साली एका जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने दिल्लीच्या ओबेरॉय इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलच्या तलावात सूर मारला. त्याचे डोके तळाला आपटले आणि हातापायांतली शक्ती गेली. त्याने दिल्लीत दावा लावला. तो चालू असतानाच १९८५ साली तो वारला. १९९७ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ५० लाख रुपये मंजूर केले. पंचतारांकित दर आकारणाऱ्या हॉटेलने सुरक्षिततेचीही तशीच वरची पातळी राखली पाहिजे, हे त्या निकालातले सूत्र आजही आवर्जून सांगितले जाते. पण पुढे अपिलात खंडपीठाने निकाल फिरवला. वादीच्या मृत्यूबरोबर दाव्याचे कारणच उरले नाही, असे ठरले. चूक कोणाची, याचे कितीही चांगले उत्तर न्यायालयाने दिले तरी ते माणसाच्या हयातीत मिळाले नाही, तर त्या हक्काचा त्याला काय उपयोग?

युरोपने यावर वेगळी वाट काढली. सहलीचे पॅकेज विकणाऱ्यानेच त्यातल्या सेवांची जबाबदारी घ्यायची, मग ती सेवा प्रत्यक्षात दुसऱ्या कोणी दिलेली असो, हा नियम तिथे १९९० पासून आहे. त्याची खरी कसोटी श्रीलंकेतल्या एका घटनेने लागली. २०१० साली एक ब्रिटिश महिला पतीबरोबर तिथल्या हॉटेलात उतरली होती. पहाटे रिसेप्शनकडे जाताना गणवेशातला हॉटेलचा इलेक्ट्रिशियन भेटला. जवळची वाट दाखवतो म्हणून त्याने तिला इंजिनीअरिंग विभागाच्या खोलीत नेले आणि तिच्यावर बलात्कार केला. सहल विकणाऱ्या कुओनी कंपनीचा बचाव असा की, वाट दाखवणे हे इलेक्ट्रिशियनचे कामच नव्हते. खालच्या दोन्ही न्यायालयांत महिला हरली. २०२१ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र कंपनीला जबाबदार धरले. पाहुण्याला हॉटेलात वाट दाखवणे हा विकलेल्या सहलीचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. अकरा वर्षे लागली, पण लढाई तिच्या स्वत:च्या देशात, तिच्या भाषेत झाली.

आपल्याकडे यातला निम्मा रस्ता तयार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वत: राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. म्हणजे सांगलीच्या ग्राहकाला मुंबईच्या टूर कंपनीविरुद्ध सांगलीतच तक्रार करता येते. अडते ते पुढे. बुकिंगच्या अर्जाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते की, कंपनी केवळ मध्यस्थ असून हॉटेल, बस किंवा बोटीच्या चुकीला जबाबदार नाही. या एका वाक्यावर तक्रारी वर्षानुवर्षे रेंगाळू शकतात. अन्यायकारक करारातली अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगांना आहे, पण प्रत्येक जखमीने तो मुद्दा नव्याने लढवायचा, हे न्याय्य नाही. जाहिरातीत ‘सगळी काळजी आमची’ म्हणणाऱ्याला अपघातानंतर मध्यस्थ होता येऊ नये.

यावर टूर व्यावसायिक म्हणतील की, हजारो किलोमीटर दूरच्या हॉटेलातली फरशी ओली आहे की कोरडी, हे आम्ही कसे पाहणार? आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर ब्रिटिश न्यायालयांनीच दिले आहे. ग्रीसमधल्या कोस बेटावरच्या हॉटेलात एक पर्यटक काचेच्या दारावर पडून जबर जखमी झाला. काच साधी, ५ मिलिमीटरची होती. ब्रिटनमध्ये ती चालली नसती, ग्रीसच्या मानकांत बसत होती. टूर कंपनी सुटली. म्हणजे कंपनीवर जगभर पुण्याचे नियम लादले जात नाहीत, हॉटेल त्या देशाचे नियम पाळते का, एवढेच पाहायचे असते. आणि भरपाई द्यावी लागलीच, तर हॉटेलकडून ती वसूल करण्याची अट घालण्याची ताकद वर्षभर खोल्या घेणाऱ्या कंपनीकडे असते, चार रात्रींच्या पाहुण्याकडे नसते. लहान व्यावसायिकांसाठी विम्याचा मार्ग आहे. प्रवाशाचा स्वत:चा विमा पुरेसा आहे, हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. तो प्रामुख्याने उपचारांचा खर्च देतो आणि तोही मर्यादेत. पुढची वीस वर्षे बुडालेली कमाई तो भरून देत नाही.

ई-कॉमर्ससाठी २०२० साली आणि थेट विक्रीसाठी २०२१ साली ग्राहक संरक्षण कायद्याखालीच केंद्राने नियम केले. विक्रेत्याची जबाबदारी स्पष्ट लिहिणारे नियम पॅकेज टूरसाठीही करावेत. तोवर प्रवाशाने अपघाताची लेखी नोंद हॉटेलकडून तिथेच घ्यावी, जागेचे फोटो काढावेत, टूर कंपनीला त्याच दिवशी ईमेल करावा. ग्राहक आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे.